सहलीच्या यादीत नसलेली मुंबई

शाळेची सहल मुंबईला निघाली की तिचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, नेहरू तारांगण, म्हातारीचा बूट आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ. ही ठिकाणे पाहू नयेत असे कोणीच म्हणणार नाही. पण याच शहरात अशीही काही ठिकाणे आहेत, की ज्यांच्यासमोर छायाचित्रे काढायला गर्दी होत नाही. त्यांतील काही तर शेकडो लोक रोज ओलांडून जातात. या ठिकाणी कोणी लढाई जिंकली नाही की राज्य स्थापन केले नाही. येथे माणसांनी वर्षानुवर्षे काहीतरी मोजले आणि ते लिहून ठेवले. समुद्राची पातळी, चुंबकसूचीची थरथर, पडलेला पाऊस, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, रोगी आणि मृत यांची संख्या. या आकड्यांचा पुढे काय उपयोग होईल हे लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा ठाऊक नव्हते. तो उपयोग पन्नास, शंभर, कधी दीडशे वर्षांनी लक्षात आला.

मुंबईच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे जाताना अशी पाच ठिकाणे लागतात. आपण त्याच क्रमाने जाऊ या.

कुलाबा : दोरीवर टांगलेले चुंबक

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. उद्देश अगदी व्यावहारिक होता. भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढायचे तर अचूक घड्याळ लागते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकले की रेखांशात एक मिनिटाची, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे १.८५ किलोमीटरची चूक. बंदरात आलेल्या जहाजांना आपली घड्याळे लावून घेता यावीत म्हणून ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ ठरवणे हे वेधशाळेचे पहिले काम.

१८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लिबार यांनी या कामाची सुरुवात केली. मराठी वाचकांना परिचित अशी दोन नावे या वेधशाळेशी जोडलेली आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिची व्यवस्था पाहिली. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून नावाजलेले, लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे हे तर पंधरा-सोळा वर्षांचे असताना येथे साहाय्यक म्हणून लागले आणि सुमारे दहा वर्षे वेध घेण्याचे काम करीत राहिले.

हे काम कसे होते? बारीक धाग्यांना टांगलेली एक चुंबकपट्टी असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल झाला की ती किंचित वळते. तिच्यावर एक छोटा आरसा बसवलेला असतो. समोर काही अंतरावरून दुर्बिणीतून पाहिले की आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब दिसते. पट्टी केसभर वळली तरी प्रतिबिंबातील आकडा बदलतो. तो आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्री, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. क्षेत्रात खळबळ दिसली तर काही मिनिटांच्या अंतराने.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. अचानक डागांच्या समूहात पांढराशुभ्र झगमगाट झाला आणि काही मिनिटांत विझला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली, तारमास्तरांना विजेचे धक्के बसले. ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश उष्ण कटिबंधाजवळही दिसला. उत्तरेकडील अनेक वेधशाळांतील उपकरणांची नोंद मोजपट्टीच्या बाहेर निघून गेली.

कुलाब्याला २ सप्टेंबरला दुपार होण्याच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक कोसळला. त्या वेळी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या निरीक्षकाने आपले नेहमीचे काम केले. आकडा वाचला, लिहिला, काही मिनिटांनी पुन्हा वाचला. ही घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. मुंबईत या घटकाचे एकूण मूल्य ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. म्हणजे ही घट साधारण चार टक्के झाली. ती फार वाटत नसेल तर ही तुलना पाहा. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज ज्या वादळामुळे सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात बसले, त्या वादळाची तीव्रता ६०० नॅनोटेस्लापेक्षा थोडी कमीच होती.

सौरवादळाची खरी तीव्रता मोजायला विषुववृत्तापासून फार दूर नसलेले ठिकाण सोयीचे असते. वादळात विद्युत्भारित कणांचे एक कडे पृथ्वीभोवती फिरू लागते. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध दिशेने असते. ध्रुवाजवळ इतर प्रवाहांची सरमिसळ होते, तशी ती येथे फारशी होत नाही. २००३ मध्ये मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कुलाब्याच्या जुन्या वह्यांतील आकडे वापरून १८५९ च्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज उपग्रह आणि विजेची जाळी यांना सूर्यापासून किती धोका संभवतो याची चर्चा जगभर होते. त्या चर्चेत कुलाब्याच्या या नोंदींचा आधार घेतला जातो. वही लिहिली गेली तेव्हा विजेचा दिवासुद्धा घरोघरी नव्हता!

गंमत अशी की पुढे विजेनेच या मोजमापाला कुलाब्यातून हलवले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे संवेदनशील चुंबके बिघडलेले आकडे दाखवणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग येथे नवी जागा उभारली. १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवता आला. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. दोन वर्षांच्या या दुहेरी कामामुळे १८४० च्या दशकात सुरू झालेली मालिका तुटली नाही. अलिबागला ती आजही चालू आहे.

कुलाब्याला हवामानाच्या नोंदी मात्र सुरूच राहिल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याला मोजला गेला तो फक्त ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात, अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. 'मुंबईत किती पाऊस पडला?' हा प्रश्नच अपुरा आहे, हे या दोन आकड्यांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगेल.

अपोलो बंदर : समुद्रसपाटी कोठे असते?

रेल्वे स्थानकांवरील पिवळ्या पाट्या मुलांनी पाहिलेल्या असतात. गावाच्या नावाखाली 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिलेली असते. एखादा विद्यार्थी विचारतो, समुद्र तर सतत वर-खाली होतो, मग सपाटी धरायची कोणती? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की समुद्राची पातळी वर्षानुवर्षे मोजून तिची सरासरी काढायची.

हे मोजमाप ज्या थोड्या ठिकाणी झाले त्यांपैकी एक आहे अपोलो बंदर. येथील भरतीमापकाच्या १८७८ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. गेटवे ऑफ इंडिया बांधून पूर्ण झाले १९२४ मध्ये. म्हणजे ज्या वास्तूसमोर छायाचित्रे काढली जातात, तिच्यापेक्षा शेजारची ही नोंद जवळजवळ अर्ध्या शतकाने जुनी आहे! हिंद महासागराच्या परिसरात इतक्या दीर्घ काळाच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत.

जुन्या भरतीमापकाची रचना साधी असते. एक उभी नळी समुद्रात सोडलेली असते. तिच्या तळाशी लहान भोक असते, त्यामुळे लाटांची उसळी आत येत नाही, पण भरती-ओहोटी येते. आत एक तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार, तारेच्या दुसऱ्या टोकाशी लेखणी, आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेला कागद. पाणी चढले-उतरले की कागदावर लाटेसारखी रेघ उमटते. भारताचा उंची मोजण्याचा पाया १९०९ मध्ये निश्चित झाला तो अशा नऊ बंदरांवरील सरासरीवरून. मुंबई त्यांपैकी एक.

याच रेघांचे पुढे आणखी दोन उपयोग झाले. भरतीमापक बसवणाऱ्यांनी त्या दोहोंची कल्पना केलेली नव्हती. पहिला उपयोग समुद्र चढतो आहे का हे पाहण्याचा. विसाव्या शतकातील मुंबईच्या आकड्यांवरून पातळी वर्षाला सरासरी पाऊण मिलिमीटरच्या आसपास चढत गेलेली दिसते. एका वर्षात हा बदल दिसणे शक्य नाही, कारण रोजची भरती-ओहोटी कित्येक मीटरची असते. शंभर वर्षांच्या कागदातच तो सापडतो. १९९३ पासून उपग्रहांनी घेतलेली जागतिक सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरहून जास्त आहे. हा वेग पूर्वीपेक्षा वाढला की नाही, हे ठरवायलाही जुन्याच नोंदी लागतात. दुसरा उपयोग त्सुनामीचा. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि अरबी समुद्रात त्सुनामी उसळली. कराची आणि मुंबई येथील भरतीमापकांच्या कागदांवर तिच्या लाटा उमटल्या. २००४ च्या विनाशानंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याला काय धोका आहे हा प्रश्न निघाला, तेव्हा अभ्यासकांना हे कागद पुन्हा उलगडावे लागले.

विद्यापीठाचा मनोरा : ३९ मिनिटांचे भांडण

अपोलो बंदराहून चालत ओव्हल मैदानावर आले की राजाबाई मनोरा दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून तो बांधला गेला. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याची उंची सुमारे ८५ मीटर. तो मैदानावरूनच नीट दिसतो. मनोऱ्याकडे पाहताना विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. मुंबईचे रेखांश आहे सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व. एका अंशाला चार मिनिटे, तर ग्रिनिचच्या वेळेशी मुंबईच्या स्थानिक वेळेचा फरक किती? उत्तर येते ४ तास ५१ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावरची, म्हणजे ५ तास ३० मिनिटे पुढे. दोन्हींतील फरक ३९ मिनिटांचा.

आज हा फरक कोणाच्या ध्यानीही येत नाही. एकेकाळी त्यावरून शहर पेटले होते. रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ स्वीकारली होती. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईच्या कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि सरकारला दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तेव्हा एका कापड गिरणीतील कामगारांनी काम बंद पाडून निषेध केला. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले, म्हणजे त्याच सूर्याखाली भोंगा तेवढाच आधी वाजणार. नगरपालिकेने तर आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात दोन वेळा नांदत होत्या.

'वाजले किती?' याचे उत्तर निसर्ग देत नाही, ते माणसे आपसात ठरवतात. निसर्ग सांगतो ते फक्त सूर्य माथ्यावर कधी आला एवढेच.

परळ : राजवाड्यातील प्रयोगशाळा

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत पोर्तुगीज काळात ख्रिस्ती मठ होती. अठराव्या शतकात ती इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. वर उल्लेख आलेल्या फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये येथेच पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिलचा निवास पसंत केला. एका संसर्गजन्य रोगाने रिकामा केलेला राजवाडा दुसऱ्या संसर्गजन्य रोगाच्या संशोधनाला मिळाला, असा हा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पटकीच्या लशीसाठी भारतात आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात. ही वाढ तापवून जंतू मारायचे आणि त्या द्रवाची लस करायची. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली आणि न टोचलेल्यांच्या संख्येशी तुलना केली. एकच जागा, एकच अन्न, एकच साथ, फरक फक्त लशीचा. टोचलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही खूपच कमी निघाले. शिक्षकांनी प्रयोगातील 'तुलनेचा गट' शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या राजवाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात या मताला पॉल-लुई सिमोंद यांच्या प्रयोगांनंतर भक्कम आधार मिळाला तो ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या कामातून. प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा गोळा होतात हे त्यांनी मोजले.

नोंदीचे मोल येथे एका माणसाच्या अब्रूशी जोडले गेले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल या खेड्यात लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण बाटल्यांवर क्रमांक होते आणि कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली याची नोंद होती. दगावलेले सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हेही पुढे आले. म्हणजे दूषितपणा परळहून नव्हे, तर त्या गावातच शिरल्याची शक्यता अधिक होती. मलेरियावरील कामाबद्दल नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हा पुरावा जाहीरपणे मांडला आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

अंधेरी : खडकाची वही

शेवटचे ठिकाण माणसाने लिहिलेले नाही. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत काळ्या खडकाचा सुमारे साठ मीटर उंचीचा सरळसोट सुळका उभा आहे. गिल्बर्ट हिल हे त्याचे नाव. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि वर जायला खडकात पायऱ्या आहेत. बहुतेक लोक देवदर्शनासाठी येतात. खडकाकडे क्वचितच कोणी पाहतो.

बाजूने पाहिले तर सुळका उभ्या खांबांच्या जुडीसारखा दिसतो. तळ्यातला चिखल वाळला की त्याला पाच-सहा बाजूंच्या भेगा पडतात, हे मुलांनी पाहिलेले असते. शिलारस थंड होतानाही आकसतो आणि तशाच भेगा पडतात. थंडावा पृष्ठभागाकडून आत सरकतो, तशा भेगाही आत सरकतात आणि खांब तयार होतात. दख्खनचे बसाल्ट ज्या प्रचंड उद्रेकांतून झाले त्यांचा मुख्य काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबईचे खडक त्या मालिकेच्या अखेरच्या भागातले. गिल्बर्ट हिलचे वय सहा कोटी वर्षांच्या आसपास निघते. उद्रेकांमध्ये शांततेचे काळही येत. वरळीच्या टेकडीतील दोन थरांमधल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. बेडूक होते म्हणजे गोडे पाणी होते. आगीच्या दोन लोटांमधली ती तळी.

हा सुळका पूर्वी बराच मोठा होता. आजूबाजूचा खडक खडीसाठी फोडला गेला. २००७ मध्ये त्याला वारसास्थळाचे संरक्षण मिळाले, पण इमारती त्याला अगदी खेटून उभ्या राहिल्या आहेत. कुलाब्याच्या चुंबकांना अलिबागला हलवता आले, दोन वर्षे सांधा जुळवता आला. खडकाला हलवता येत नाही. तो फोडला की त्यातली माहिती कायमची गेली.

सहल नेताना

ही पाच ठिकाणे एका दिवसात होत नाहीत. कुलाब्याची वेधशाळा लष्करी वस्तीच्या भागात आहे. तेथे आणि हाफकिन संस्थेत जायला आधी लेखी परवानगी मागावी. अपोलो बंदर, राजाबाई मनोरा आणि गिल्बर्ट हिल यांना मात्र अशी अडचण नाही.

मुंबई दूर असलेल्या शाळांनाही यातले बरेच काही करता येईल. तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असतो. त्याच्या जुन्या नोंदी पाहायला मागाव्यात. स्थानकावरील पाटीवरची उंची टिपून आपल्या शाळेची उंची तिच्यापेक्षा किती कमी-जास्त हे काढावे. आणि शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवून तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ती वेळ लिहावी. मुंबईत ती वर्षभरात १२ वाजून २२ मिनिटे ते १२ वाजून ५३ मिनिटे यांच्या दरम्यान सरकत राहते. नागपूरला ती आणखी लवकर येईल. आठवड्यातून एकदा, एकाच वहीत, एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या हाती सोपवत दोन-तीन वर्षे ही नोंद ठेवली, तर प्रमाणवेळ, रेखांश आणि सूर्याच्या गतीतील कमी-जास्तपणा हे तिन्ही धडे त्या वहीतूनच शिकवता येतील. सुट्टीत वही कोणाकडे राहील, एवढे मात्र आधी ठरवून ठेवावे.